विक्री आणि तडजोड वगळून

देवरुखच्या न्यायालयात आमचा वाटपाचा दावा चालू आहे. वडिलांची जमीन संगमेश्वर तालुक्यात. थोडी भातखाचरं, थोडं वरकस म्हणजे हलकी माळजमीन, उतारावर हापूसची कलमं आणि एक चिरेबंदी घर, ज्याची मागची पडवी आता निम्मी पडली आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव लागलं, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आम्ही दोघी बहिणी इतर हक्कात गेलो. कोकणातल्या कितीतरी घरांतल्या लेकी अशाच उजवीकडच्या त्या रकान्यात वर्षानुवर्षं पडून आहेत. भाऊ होता तोवर आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दर वर्षी आंब्याची पेटी यायची, गणपतीला सगळे घरी जमायचो, हिश्शाचा विषय कुणी काढला नाही. भाऊ गेला आणि त्याच्या मुलांनी वारसनोंद करताना फक्त आपली नावं लावून घेतली. त्या फेरफाराला आम्ही हरकत घेतली, ते प्रकरण प्रांतांकडे अपिलात आहे, आणि न्यायालयात वाटपाचा दावा. धाकटी बहीण आता नाही. तिच्या जागी तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, माझ्याबरोबर वादी आहे.

दावा लावला तेव्हा मी धडधाकट होते. दादरहून रात्रीची गाडी पकडून सकाळी संगमेश्वर रोडला उतरायचं, तिथून देवरुख, तारीख करून परत, असं मी नेमाने केलं. मग मूत्रपिंडांनी दगा दिला. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. ज्या दिवशी डायलिसिस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगात त्राण नसतं, आणि मधल्या एका दिवसात ठाण्याहून देवरुखला जाऊन परत येणं माझ्याच्याने होत नाही. न्यायालयातली तारीख वकील सांभाळतात, पण प्रांतांच्या कार्यालयातली सुनावणी, नकलांचे अर्ज, तलाठ्याकडची चौकशी, कधी स्थळपाहणी निघाली तर जागेवर हजर राहणं, या सगळ्याला पक्षकार लागतो किंवा त्याचा मुखत्यार. भाची देवरुखातच राहते. तिला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, करून द्यायचं मी ठरवलं.

ठरवल्याची बातमी नातेवाइकांत पसरली तेव्हा प्रत्येकाने एकच सल्ला दिला: जनरल पॉवर देऊन टाक, पुन्हा पुन्हा कागद करायला नको. गावाकडच्या एका जमिनीच्या दलालाचाही फोन आला. त्याचं म्हणणं, दाव्याचं जे व्हायचं ते होईल, तुमच्या हिश्शाची पॉवर माझ्या माणसाच्या नावाने करा, रोख पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. मुखत्यारपत्राच्या आडून जमीन विकण्याची ही चाल जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तरीही कोकणात असे व्यवहार अजून चालतात. जमीन कुणाकडे गेली हे खरीदाराच्या मुलांनाही पुढे सिद्ध करता येत नाही आणि विकणारीची नातवंडंही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात.

आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत मला जे विचारलं ते मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, “ताई, भाचीवर विश्वास आहे का हे मी विचारत नाही. तिने कुठली कुठली कामं करायची आहेत तेवढी सांगा. त्या कामांपुरतं लिहू.” आणि खरोखर आम्ही एक दुपारभर तेवढंच केलं. त्यांनी संगणकावर तयार असलेला मसुदा उघडला. सुरुवात नेहमीची: लिहून देणार मी, लिहून घेणार भाची, कारणे कुलमुखत्यारपत्र लिहून देते ऐसा जे की. मग कलमं. प्रत्येक कलमापाशी थांबून त्या विचारत होत्या, हे लागेल का?

वकील नेमणे, वकालतनाम्यावर सही करणे: लागेल. दाव्यात अर्ज, म्हणणं, प्रतिज्ञापत्र दाखल करणे: लागेल, पण प्रतिज्ञापत्र तिला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींपुरतंच. नोटिसा स्वीकारणे, नकला मिळवणे: लागेल. तहसीलदार, प्रांत, मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे पूर्वीचा तलाठी) यांच्यापुढे हजर राहणे, जबाब देणे: लागेल. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरणे, मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहणे, पंचनाम्यावर सही करणे: लागेल. वाटप झाल्यावर माझ्या हिश्शाचा ताबा घेऊन ताबापावती देणे: इथे मी जरा विचार केला, मग हो म्हटलं. ताबा घ्यायच्या दिवशी मी तिथे असेनच असं नाही.

मग आली विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा, हक्कसोड. ही सगळी वगळली. नुसतं न लिहिता सोडून द्यायचं नाही, हे अधिकार दिलेले नाहीत असं स्वतंत्र कलमात लिहायचं, असा माझा आग्रह होता आणि वकीलबाईंनी तो मानला. भाचीने तिच्याऐवजी आणखी कुणाला नेमायचं नाही हेही लिहिलं.

तयार मसुद्यात शेवटून दुसऱ्या कलमात एक वाक्य होतं, जे जवळजवळ प्रत्येक मुखत्यारपत्रात असतं: ‘तसेच वर नमूद केलेल्या कामांव्यतिरिक्त मुखत्यार यांना योग्य वाटतील ती इतर सर्व कामे करणे.’ हे वाक्य मी लाल पेनाने खोडलं. वर इतकं तोलून-मापून लिहायचं आणि खाली एका ओळीत सगळं दार उघडं टाकायचं, याला काही अर्थ नाही. न्यायालयं मुखत्यारपत्र काटेकोरपणे वाचतात, जे दिलेलं नाही ते दिलं असं मानत नाहीत, हे खरं. पण मधल्या मध्ये त्या ओळीकडे बोट दाखवून कुणी काही करून घेतलं तर ते निस्तरायला पुन्हा वेगळा दावा. ज्यांच्या घरी तयार मुखत्यारपत्रावर सही व्हायची असेल त्यांनी आधी ही ओळ शोधावी. मी तर ज्याला त्याला हेच सांगते.

सगळ्यात वेळ गेला तो तडजोडीच्या कलमावर. वकीलबाईंनी मोकळेपणाने सांगितलं की भाची स्वतःही हिस्सेदार आहे. आज तुम्ही दोघी एका बाजूला आहात, पण तडजोडीची बोलणी सुरू झाली की कुणाला रस्त्याकडचा तुकडा आणि कुणाला आतला, हा प्रश्न तुमच्या दोघींतही येणार. त्या वेळी तिने तुमच्या वतीने सही करायची म्हणजे तिच्यावरच अन्याय आहे. भाची शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मावशी, हे माझ्याकडे नको. तू सांगशील तसं मी करीन, पण सही तूच कर.” म्हणून लिहिलं की लिहून देणार हिच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही तडजोड करता येणार नाही, आणि तडजोड पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात दाखल करायच्या तडजोडीच्या लेखावर, लिहून देणार स्वतः सही करील.

मसुदा पक्का झाल्यावर नोटरी की नोंदणी हा प्रश्न आला. नोटरी स्वस्त आणि झटपट, आणि न्यायालयात प्रतिनिधित्वासाठी नोटरी केलेलं मुखत्यारपत्र चालतं. पण आमचं वाटप जर आपसात झालं तर वाटपपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागेल. 1908 च्या नोंदणी अधिनियमाचं कलम 33 सांगतं की असा दस्त मुखत्यारामार्फत नोंदणीला सादर करायचा असेल तर भारतात राहणाऱ्याने मुखत्यारपत्र आपल्या राहत्या भागातल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून अधिप्रमाणित करून घ्यायला हवं. परदेशात राहणाऱ्याला तिथला नोटरी किंवा आपला वकिलात अधिकारी चालतो, ठाण्यात राहणाऱ्याला नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालय. आजारी माणसासाठी अधिकाऱ्याने घरी येण्याची सोय त्याच कलमात आहे, पण मी अजून चालते-फिरते, तेव्हा जायचंच ठरवलं. दिवस मंगळवारचा धरला, आदल्या दिवशी डायलिसिस होऊन अंग हलकं असतं म्हणून.

त्याआधी एक कागद वकीलबाईंनी मुद्दाम मिळवायला लावला: माझ्या मूत्रपिंडांच्या डॉक्टरांचा दाखला की रुग्ण पूर्ण शुद्धीत असून तिला आपल्या व्यवहारांची समज आहे. समोरच्या बाजूने उद्या म्हटलं की म्हातारीला औषधांची गुंगी होती, तर हा कागद बोलेल. डॉक्टरांनी दाखला देताना खरंच माझी परीक्षा घेतली. जमीन कुठे आहे, किती जण हिस्सेदार, भाचीला काय देताय आणि काय देत नाही, हे सगळं विचारलं. मला त्याचा आदर वाटला.

कार्यालयातलं काम तसं सरळ असतं, फक्त वेळ जातो. पब्लिक डेटा एंट्री वकीलबाईंच्या कार्यालयाने आधीच ऑनलाइन केली होती, 500 रुपयांचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी चलनाने भरली होती. टोकन घेतलं, बाकावर बसलो. आमच्यापुढे एका नव्या फ्लॅटचं करारपत्र होतं, नवराबायको लहान बाळाला घेऊन आलेले. ओळख पटवायला माझ्या दोन शेजारणी आल्या होत्या, मला तीस वर्षं ओळखणाऱ्या.

नंबर आला. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा मात्र उमटेना. माझ्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात. त्या हाताला कुणी ओढलं की मी दचकते. तिथल्या मुलाने हात धरायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाला, “आजी, तुमचा तुम्हीच ठेवा, मी सांगतो कुठे दाबायचं ते.” काच पुसली, माझा अंगठा ओल्या रुमालाने पुसला, पुन्हा पुन्हा दाबला. टपाल खात्यात आयुष्यभर पत्रं आणि मनिऑर्डरी हाताळल्या, बोटांच्या रेषा केव्हाच झिजल्या. शेवटी पडद्यावर अंगठ्याचा पुसटसा ठसा उमटला आणि यंत्राने तो स्वीकारला.

मग दुय्यम निबंधकांनी दस्त समोर धरला. “काय लिहून देताय?” मी सांगितलं. “वाचलंय?” मी म्हटलं, वाचलंय, आणि जे दिलेलं नाही तेही वाचलंय. त्यांनी मान वर करून वगळलेल्या अधिकारांचं कलम पुन्हा वाचलं आणि भाचीकडे पाहून विचारलं, “तुम्हाला हे मान्य आहे ना?” ती हो म्हणाली. कबुलीजबाब झाला, शेजारणींनी ओळख पटवली, गोषवाऱ्यावर आमचे फोटो आणि अंगठे छापून आले. राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले असे, या शेवटच्या ओळीखाली मी सही केली तेव्हा ती ओळ मला अक्षरशः खरी वाटली.

भाचीसाठी वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट समजावली, ती इथे नोंदवते. मुखत्यार म्हणून ती जेव्हा एखादा दस्त नोंदणीला सादर करील, तेव्हा तिला एक घोषणापत्र द्यावं लागेल: लिहून देणाऱ्या व्यक्तीने हे कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, ती मयत झालेली नाही, आणि अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही. हे खोटं निघालं तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली शिक्षा. म्हणजे मी जिवंत आहे आणि शुद्धीत आहे, याची हमी त्या दिवशी तिने द्यायची. मला ते ऐकून क्षणभर कसंसं झालं, पण नियम योग्य आहे.

इथेच मला कायद्यातली जी उणीव टोचते ती सांगायला हवी. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे, देणारा मेला किंवा त्याचं मानसिक संतुलन ढळलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. मेल्यावर संपतो हे पटतं; त्यानंतर वारसांनी 90 दिवसांत दाव्यात नाव लावून घ्यायचं. पण समज गेल्यावरही संपतो! ज्या दिवशी मला माझ्या वतीने कुणीतरी उभं राहण्याची सगळ्यात जास्त गरज असेल, नेमका त्याच दिवशी हा कागद निकामी होणार. इंग्लंडमध्ये 2005 च्या मानसिक क्षमता कायद्याने समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आधीच करून ठेवता येतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. दाव्यापुरता न्यायालय वादमित्र, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणारा माणूस, नेमतं, बाकी व्यवहारांसाठी बेशुद्ध किंवा स्मृती गेलेल्या माणसाच्या घरच्यांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची मुलं कशी धावाधाव करतात ते मी डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटांवरून दर वेळी ऐकते. हे बदललं पाहिजे. तोवर निदान इतकं तरी सगळ्यांना माहीत हवं की आईवडिलांकडून ‘जनरल पॉवर’ करून घेतली म्हणजे पुढची चिंता मिटली, हा समज चुकीचा आहे.

दुसरी एक मर्यादा साक्षीची. मला वाटलं होतं की आता साक्षही भाची देईल. वकीलबाई म्हणाल्या, नाही. जानकी वासदेव भोजवानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की मुखत्यार त्याने स्वतः केलेल्या कामांबद्दल सांगू शकतो, पण जे फक्त पक्षकारालाच ठाऊक आहे त्याची साक्ष तो पक्षकाराच्या जागी देऊ शकत नाही. मग आजारपणाचं कारण दाखवून माझी साक्ष कमिशनवर घेण्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. न्यायालयाने नेमलेले आयुक्त, एक तरुण वकील, माझ्या घरी आले. समोरच्या बाजूचे वकीलही आले.

उलटतपासणीत त्यांनी विचारलं, वडील गेल्यानंतर खालच्या खाचराचा खंड कोण घ्यायचं? मी सांगितलं, भाऊ घ्यायचा आणि दिवाळीला त्यातून आम्हा दोघींना तांदूळ पाठवायचा, एका वर्षी पाऊस लवकर उघडला आणि भात आलंच नाही तेव्हा त्याने पैसे पाठवले होते. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, त्याची पत्रं माझ्याकडे आहेत. कपाटातून काढून दिली. निळ्या अंतर्देशीय पत्रावर भावाचं अक्षर, ‘तुझा व धाकटीचा वाटा’ असे शब्द. आयुक्तांनी ती पत्रं पुराव्यात घेतली. हे भाचीला कधीच सांगता आलं नसतं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. माझ्या दृष्टीने तो नियम तिथल्या तिथे पटला, आणि भाऊ आपल्याला विसरला नव्हता हे त्याच्या मुलांच्या वकिलासमोर वाचलं गेलं, याचं मला फार समाधान आहे.

मुखत्यारपत्राचा खरा उपयोग सुरू झाला तो त्यानंतर. भाची प्रांतांकडे सुनावणीला उभी राहिली, जुन्या फेरफारांच्या नकला तिने काढल्या, वडिलांच्या मृत्यूनंतरचा तो जुना फेरफारही सापडला ज्यात आमची दोघींची नावं वारस म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. प्रत्येक कागदावर ती ‘करिता कुलमुखत्यार’ असं लिहून सही करते आणि त्याचा फोटो मला पाठवते. मी इथे एका वहीत तारखेनुसार नोंद ठेवते. रद्द करायची वेळ आली तर काय करायचं तेही त्या वहीत पहिल्या पानावर आहे: नोंदणीकृत रद्दपत्र, भाचीला लेखी कळवणं, न्यायालयाला आणि प्रत्येक कार्यालयाला प्रत, वृत्तपत्रात जाहीर नोटीस. ज्याला रद्द झाल्याचं ठाऊक नाही त्याच्यापुरता मुखत्याराचा अधिकार चालूच मानला जातो, म्हणून कळवणं हाच त्यातला मुख्य भाग. ते पान भाचीनेच स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे.

आणि मग भावाच्या मुलांनी निरोप पाठवला. आत्या, मिटवून टाकू. त्यांचा प्रस्ताव असा: रस्त्याकडचा वरकसाचा तुकडा भाचीला, उतारावरची कलमं मला, घर आणि विहिरीकडची खाचरं त्यांना. भाचीला तो मनापासून पटला होता. रस्त्याकडची जागा तिच्या रोपवाटिकेला अगदी योग्य आहे. तिने ते फोनवर लपवलं नाही. “मला हवंय ते, मावशी. पण तुझ्या वाट्याचं तू बघ.”

मी नकाशा काढून बसले. कलमांना पाणी विहिरीचं, आणि विहिरीपर्यंतची पाणंद घराच्या गडग्याला लागून जाते. प्रस्तावात विहीरही त्यांची आणि पाणंदही. बिनपाण्याची कलमं घेऊन मी काय करणार, आणि माझ्यामागे ज्याच्याकडे ती जातील तो तरी काय करणार? मी वकीलबाईंना लेखी कळवलं: तडजोडीला माझी तयारी आहे, पण विहिरीच्या पाण्यात माझा सामाईक हक्क आणि पाणंदीचा वहिवाटीचा हक्क लिहून नकाशात दाखवला पाहिजे. तोवर माझी संमती नाही. भाचीच्या तुकड्याला माझी हरकत नाही, हेही त्यातच लिहिलं.

पुढच्या तारखेला भाचीने ते पत्र वकीलबाईंमार्फत समोरच्या वकिलांना दिलं. भावाच्या धाकट्या मुलाने तिला बाहेर गाठून विचारलं, तुझ्याकडे पॉवर आहे ना, मग आत्याची सही कशाला हवी? तिने पिशवीतून मुखत्यारपत्राची प्रत काढली आणि ते कलम त्याला वाचायला दिलं. त्याने वाचलं, फोटो काढून घेतला. काल त्याचा मला थेट फोन आला. पाणंद द्यायला ते तयार आहेत, विहिरीचं बोलणं अजून बाकी आहे.